कोण किती जवळ

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत गाणं रेकॉर्ड करायचं, तर आधी गावाच्या आवाजांचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. पहाटे मोर आणि कोकिळा. मग भोंगा लावून फिरणारा भाजीवाला, शाळेची प्रार्थना, कोळशाचे ट्रक. तालुक्यात गोंडेगावसारख्या खुल्या खाणी आहेत. तिथं सुरुंग उडाला की कानाच्या आधी मायक्रोफोनच्या स्टँडला कळतं, कारण हादरा हवेतून येण्याआधी जमिनीतून येतो. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात टिनाच्या छपरावरची सर, आणि थंडी पडली की रात्री उशिरा हाती लागणारे दोन-तीन बरे तास. पेंचचं जंगल इतकं जवळ असल्यावर शांतता फुकटच मिळत असेल, असं शहरातल्या पाहुण्याला वाटतं. जंगल शांत नसतं. रातकिडे साधारण चार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओरडतात, आणि गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ची धार नेमकी त्याच पट्ट्यात असते.

हे पुस्तक अशा ठिकाणी राहून लिहिलेलं आहे आणि अशाच ठिकाणच्या माणसांसाठी आहे. ज्याच्याकडे एक लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एखाद-दुसरा माइक आणि घरातली मागची खोली आहे. ज्याच्याकडे गावातलं भजन मंडळ, शाळेचं स्वागतगीत, एखादा शाहीर किंवा लग्नात गाणारी मावशी ‘आमचं रेकॉर्ड करून दे रे’ म्हणून येते, तो माझा वाचक. मुंबईत मोठ्या स्टुडिओत नोकरी करणाऱ्यालाही यात काही सापडेल, पण मी त्याच्याशी बोलत नाही.

असा वाचक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “भाऊ, माइक कोणता घेऊ?” मी उलट विचारतो, ठेवणार कुठं? हे टाळाटाळीचं उत्तर नाही. ध्वनिमुद्रणाची सगळी विद्या, तिच्यातली कला आणि कारागिरी दोन्ही, एकाच प्रश्नाभोवती फिरते, असं माझं मत आहे. कोण किती जवळ? गायक माइकपासून किती, ढोलकी गायकापासून किती, माइक भिंतीपासून किती, आणि या सगळ्यातून ऐकणाऱ्याला गाणारा किती जवळ बसलाय असं वाटणार. महागडा माइक चुकीच्या जागी ठेवला तर चुकीचीच गोष्ट अधिक स्पष्टपणे टिपतो. यंत्रं दर दहा वर्षांनी बदलली, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षांत बदललेला नाही.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, हॉटेलातल्या खोलीत यंत्र मांडलं, आणि ११ नोव्हेंबरला त्या यंत्रासमोर गौहरजान गायल्या. वीज नव्हती, माइक नव्हता. होता तो एक मोठा कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या गळ्यातली ताकद हीच सगळ्या कामाची ऊर्जा. तिच्यानंच पडदा हलायचा आणि मेणात खाच पडायची. म्हणून गायिकेला कर्ण्यात जवळजवळ डोकं घालून गावं लागे. वरचा जोरकस स्वर आला की मागं सरायचं, नाहीतर सुई उडायची. खालच्या स्वराला पुन्हा पुढं. कुणाला कुठं उभं करायचं एवढंच रेकॉर्डिस्टच्या हातात. सारंगीसारखं नाजूक वाद्य कर्ण्याला टेकवल्यासारखं, तबला दूर. आज मिक्सरवरचे फेडर जे करतात, ते तेव्हा माणसं पुढंमागं करून केलं जाई. तीनेक मिनिटांत तबकडी संपायची. मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात, तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गाणारी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगे. कलकत्त्याला सियालदहमध्ये तबकड्यांचा कारखाना निघाला तो १९०८ साली.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या कर्ण्याजवळ सुरुवातीला कोण गेलं? बहुतेक करून कोठ्यांवरच्या आणि नाटकांतल्या गाणाऱ्या स्त्रिया, ज्यांच्याकडे सभ्य समाज दुरून बघत होता. पुष्कळ खानदानी उस्तादांनी आणि बुवांनी लांब राहणं पसंत केलं. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत जगले, म्हणजे तबकडी, रेडिओ, बोलपट सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तरी त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचंही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. त्यांची गायकी आपण शिष्यांच्या गळ्यातून अंदाजानं ऐकतो. पुढं अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर, माइक आणि रेडिओबद्दल इतक्या नाराज होत्या की नावलौकिकाच्या काळातही त्या शक्यतो त्यांपासून दूर राहिल्या. आणि गंमत बघा, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतातून निवडला गेलेला आवाज केसरबाईंचाच. भैरवीतलं ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांचं. ज्या बाईंना माइक जवळ नको होता, त्यांचा आवाज माणसानं बनवलेल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा लांब गेला.

१९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो हळू गाण्याला. आता ऊर्जा गळ्यातून यायची गरज नव्हती, ती ॲम्प्लिफायर पुरवत होता. कुजबुजल्यासारखं गाणंही शेवटच्या श्रोत्यापर्यंत जाऊ लागलं. नाटकाच्या मंडपात मागच्या रांगेसाठी फेकला जाणारा आवाज आणि माइकसाठी लावलेला आवाज, असे दोन वेगळे गळे तयार झाले. मराठी भावगीत हे माइकचं अपत्य आहे, असं मी म्हटलं तर काही जण रागावतील, पण माझा नाइलाज आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर चाललं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. जुनी मुद्रणं ऐकताना लक्ष द्या: शब्द अगदी पुढं, वाद्यं थोडकी आणि मागं. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन गळ्याच्या लगत येतं, पण गळ्याच्या पुढं पाऊल टाकत नाही. माजघरातल्या रेडिओभोवती बसलेल्यांना राम-सीता आपल्याच घरात बोलताहेत असं वाटलं, त्यात चालींइतकाच या मांडणीचा वाटा आहे. त्या गायकांत आपले वसंतराव देशपांडेही होते. जन्म मूर्तिजापूरचा, वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे शिकले. नागपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं जुलै १९४८मध्ये. विदर्भातल्या कितीतरी गाणाऱ्यांनी चांगला माइक पहिल्यांदा पाहिला तो तिथंच, ऑडिशनच्या खोलीत.

सिनेमाची कथा मोठी आहे, इथं थोडक्यात सांगतो. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. पार्श्वगायन अजून यायचं होतं, नटांनीच गायचं, तेही शूटिंग चालू असताना. कॅमेऱ्याला दिसायचं नाही आणि माइकला ऐकू तर यायला हवं, म्हणून त्या काळच्या बोलपटांत वादक झाडामागं, पडद्यामागं दडून वाजवत. पुढं गाणं शूटिंगपासून वेगळं झालं आणि स्टुडिओ हे स्वतंत्र ठिकाण बनलं. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल उभं केलं. तिथले मंगेश देसाई हे ध्वनिमिश्रणातलं असं नाव की सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शक आपल्या चित्रपटाचं मिश्रण त्यांच्या हातून व्हावं असं बघे. त्या पिढीची शिस्त आज पटणार नाही. वाद्यमेळ मोठा, माइक मोजके, सगळं एकाच वेळी वाजवून एकाच पट्टीवर घ्यायचं. शेवटच्या अंतऱ्यात कुणाची मात्रा सरकली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं गाणं रेकॉर्ड होण्याआधीच त्याचं मिश्रण झालेलं असे: कुणाला माइकसमोर, कुणाला कोपऱ्यात, कुणाला लाकडी पडद्याआड बसवायचं, ते तालमीतच ठरायचं.

चुंबकीय टेपनं ही सक्ती सुटली. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. १९५७ साली अमेरिकेत लेस पॉलकडे आठ ट्रॅकचं यंत्र पोचलं. आठ ट्रॅक म्हणजे आठ आवाज वेगवेगळे, वेगवेगळ्या दिवशीसुद्धा. तबलजी सोमवारी, बासरीवाला बुधवारी, गायिका परदेशातून आल्यावर. सोय मोठी झाली यात वाद नाही. पण प्रत्येक जण एकटा येऊन माइकच्या तोंडाशी वाजवून जाऊ लागला, म्हणजे सगळेच सारखे जवळ. मग त्यांना पुन्हा एकत्र बसवायचं तर खोटं अंतर तयार करावं लागतं. रिव्हर्ब, डिले ही सगळी सामग्री मुळात तेवढ्यासाठी आहे. नव्या पोरांना रिव्हर्ब हा गोडवा आणायचा मसाला वाटतो, आणि मसाल्यासारखाच तो वरून भुरभुरवला जातो. कोण कुणाच्या मागं बसलंय, हे आधी ठरवा आणि मगच त्या बटनाला हात लावा, असं मी पाचव्या प्रकरणात लिहिलं आहे. रागानं लिहिलंय हे वाचताना कळेलच.

खरं अंतर किती मोलाचं असतं याचं आपल्याच भाषेतलं उदाहरण ‘सैराट’चं. २०१६चा चित्रपट. व्हायोलिनचा ताफा संगणकातल्या नमुन्यांवरून अगदी बेमालूम तयार करता येतो, तो काळ तेव्हा आलेलाच होता. तरी अजय-अतुल यांनी सिम्फनीचा भाग लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, जिवंत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला. तिथं काय होतं जे लॅपटॉपमध्ये नव्हतं? उंच छताचं प्रचंड दालन, आणि त्यात एकमेकांचं ऐकत, एकत्र श्वास घेत वाजवणारी माणसं. पैसे मोजले ते माणसांसाठी आणि त्या माणसांच्या मधल्या हवेसाठी.

आता आपल्या अंगणात येऊ. नागपूर-भंडाऱ्याकडची खडी गंमत घ्या. रात्रभर उभ्यानं चालणारा खेळ. ढोलकी, डफ, तुणतुणं, मंजिरी. शाहीर, त्याचे झीलकरी, आणि बाईचं काम करणारा नाच्या. शाहिराचा आवाज माइकच्या आधीच्या जगात घडलेला आहे. तो मैदानाच्या टोकाशी बैलगाडीवर बसलेल्या माणसासाठी फेकलेला असतो. असा शाहीर आपण दहा बाय दहाच्या खोलीत नेतो, कानाला हेडफोन लावतो, ओठांपासून चार बोटांवर कंडेन्सर माइक धरतो आणि म्हणतो, म्हणा! जे रेकॉर्ड होतं त्याला आरडाओरडा म्हणतात. मग त्यालाच सांगितलं जातं की काका, जरा हळू घ्या. हळू घेतल्यावर उरतो तो शाहीर नव्हेच. अशा वेळी दोष गळ्याचा नसतो, चार बोटांचा असतो.

त्याला उभा राहू द्या, झीलकऱ्यांना त्याच्या मागं त्यांच्या नेहमीच्या जागी राहू द्या, आणि माइकच आठ-दहा फूट मागं न्या. दोन सारखे माइक एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, तोंडं बाहेरच्या बाजूला, मध्ये ११० अंशांचा कोन. ही रीत फ्रेंच रेडिओची, आणि आपल्या दोन कानांमधल्या अंतराशी तिचं नातं आहे. हेडफोन लावून ऐका: डफ उजवीकडं, ढोलकी डावीकडं, शाहीर मध्ये, आणि झील मागून येऊन त्याच्या अंगावर पडते. मिक्सिंगला फारसं काही उरतच नाही. अंगण मात्र बरं हवं. सारवलेलं, एका बाजूला गोठा, एका बाजूला कुडाची भिंत, वर आकाश. यापेक्षा चांगली खोली मी तुम्हाला बांधून देऊ शकणार नाही.

भजनाची गोष्ट आणखी बारीक आहे. तुकडोजी महाराजांच्या वळणाची खंजिरी भजनं आमच्याकडं घरोघरी. खंजिरी म्हणजे रेकॉर्डिस्टची परीक्षा. कातड्याचा ठोका खाली, पितळी चकत्यांचा छणछणाट वर, आणि प्रत्येक आघाताचं टोक इतकं उंच की मीटर बघत बसलात तर लाल दिवा लागून गेल्यावर कळतं. पुस्तकी उपाय सोपा: हृदयाच्या आकाराचं ग्रहणक्षेत्र असलेल्या माइकला पाठीमागचं जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा त्याची पाठ खंजिरीकडं करा. पण या भजनात खंजिरी वाजवणारा तोच असतो जो गातो. तोंड आणि खंजिरी यांत हातभराचं अंतर. एका वडीलधाऱ्या भजनीबुवांना मी सुचवलं की खंजिरी थोडी खाली, मांडीजवळ धरा, माइक हनुवटीखालून वर बघेल असा लावतो. त्यांनी तसं एक कडवं म्हणून पाहिलं, मग थांबले. “खंजिरी खाली गेली त भजन बी खाली जाते भाऊ.” पुन्हा खांद्याशी धरली.

त्यांचं बरोबर होतं. शब्दावर भर आला की खंजिरी तोंडापासून आपोआप दूर जात होती, ध्रुवपदावर जवळ येत होती. आवाज आणि ठोका यांचा तोल ते वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं सांभाळत आले होते. मी माइक दोन विती मागं घेतला, किंचित वर, कपाळाच्या रेषेत, आणि दोन्ही मिळून एकच वाद्य आहे असं धरून मुद्रण केलं. वीत हे माझं आवडतं माप आहे. मोजपट्टी शोधावी लागत नाही, आणि गाणाऱ्यालाही ‘एक वीत’ म्हटलं की लगेच कळतं. एकट्या गळ्यासाठी एक वीत, म्हणजे साधारण नऊ इंच, ही चांगली सुरुवात. त्याहून फार जवळ गेलं की हृदयाच्या आकाराचं ग्रहणक्षेत्र असलेल्या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातली हवा पडद्यावर आदळते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं उतरतो. आणि दोन माइक वापरायचे तर एक गायकापासून एक वीत असेल तिथं दुसरा पहिल्यापासून निदान तीन विती लांब. नाहीतर एकच आवाज दोन वाटांनी मागंपुढं पोचतो आणि गाणं डब्यातून आल्यासारखं पोकळ होतं.

खोलीबद्दल दोन प्रकरणं आहेत, ती कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग अजून चालू आहे. त्या पुठ्ठ्यानं वरच्या आवाजांत थोडाफार फरक पडतो, खालच्या आवाजाला तो दिसतही नाही. गणित साधं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. एवढी लाट दोन इंचाच्या पुठ्ठ्यानं अडत नसते. उलट ती खोलीच्या मापात अडकते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी जी खोली आपले मिस्त्री मोठ्या हौसेनं बांधून देतात, तिच्यात ५६ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ११२ हर्ट्झ तिन्ही दिशांनी एकदम घुमतात. डग्ग्याची घुमार साधारण याच भागात. मग काही ठोके ढग गडगडल्यासारखे, काही गायब, आणि शिव्या खातो तबलजी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वेगळी असलेली खोली निवडा. गोधड्या, गाद्या, रजया भिंतीला न चिकटवता वीतभर पुढं टांगा; कोपऱ्यात कापसाची गाठोडी रचा. आपल्या तालुक्यात कापूस पिकतो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे, भाव तर मिळतच नाही.

उन्हाळ्याबद्दल शहरातल्या पुस्तकांत काही नसतं. पारा ४५च्या वर, कूलर चालू ठेवला तर गाण्यात वारा, बंद केला तर वादक घामाघूम. “कूलर बंद केला त हात घसरून रायले ना बाप्पा,” हे वाक्य माझ्याकडं कितीतरी ट्रॅकच्या सुरुवातीला मुद्रित आहे. गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून बासरी चढते. पेटीच्या पितळी पट्ट्या जवळपास तिथंच राहतात. सकाळी जुळलेली जोडी दुपारी बेसूर होते ती अशी. पावसाळ्यात उलट तऱ्हा: चामडं ओल धरतं, तबला उतरतो, दर गाण्याआधी हातोडी. यावर तोडगा एकच, पंधरा-वीस मिनिटं घ्यायचं आणि थांबायचं, दार उघडायचं, पुन्हा सूर लावायचा. इन्व्हर्टरवर काम चालू असेल तर त्याची घूं ५० आणि १०० हर्ट्झवर शिरते. माइकची वायर आणि विजेची वायर शेजारून नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात.

संगणकाचा भाग मी मुद्दाम लहान ठेवला आहे. सॉफ्टवेअर दर वर्षी बदलतं आणि त्याची माहिती कुठंही मिळते. एवढंच सांगतो की २४ बिटमध्ये मुद्रण करत असाल तर मीटर वरपर्यंत भरवायची काही गरज नाही. सगळ्यात जोराचा आवाज शून्याखाली दहा-बारा डेसिबलवर राहू द्या. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नाही; लाट सपाट कापली जाते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. क्लिक ट्रॅकबद्दल माझं मत कडवट आहे. भजन संथ सुरू होतं आणि शेवटी उठावणीला पोचतं, तो त्याचा धर्म. त्याला ठोक्याच्या खुंटीला बांधायचं कशाला? १९९७ साली ऑटो-ट्यून आलं, तेव्हापासून सूर सरळ करायचं यंत्रही घरोघरी झालं. कोमल गंधारावर हलकेच झुलणारी मावशी त्या यंत्राला बेसूर वाटते. मावशीवर विश्वास ठेवा.

कान तयार करायचा एक उपाय मात्र सांगतो. घोगऱ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेला जाल तेव्हा पेंच नदीच्या पात्रातल्या खडकांत एखादं मंडळ भजनाला बसलेलं असेल. त्याच्याभोवती फिरा. समोरून ऐका, मग पाठीमागून, मग पन्नास पावलांवरून, मग खडकाआडून. टाळ कुठं अंगावर येतात, शब्द कुठं हरवतात, पेटी कुठून गोड लागते, ते बघा. जिथं थांबावंसं वाटेल तिथं माइकची जागा. हे फुकटचं शिक्षण आहे आणि मी भेटलेल्या चांगल्या रेकॉर्डिस्टांपैकी प्रत्येकानं ते कुठल्या ना कुठल्या रूपात घेतलेलं होतं.

शेवटचं प्रकरण जुन्या कॅसेटींवर आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी हे पुस्तक लिहायला घेतलं. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली. आपल्याकडं १९८०च्या दशकात ती घराघरांत शिरली आणि ध्वनिमुद्रण पहिल्यांदाच कंपन्यांच्या हातातून सुटलं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे ठेले लागायचे. ज्यांना कर्ण्याजवळ, रेडिओच्या माइकजवळ कुणी बोलावलं नव्हतं, ते गाणारे स्वतःच्या पैशानं माइकजवळ आले. आणि याहून घरगुती असा दुसरा साठा आहे: टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घालून, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, रात्री मंचाच्या कडेला ठेवून घेतलेल्या खडी गमती, दंडारी, भुलाबाईची गाणी, आजीच्या ओव्या. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी योजना असायची. त्यामुळं शाहीर जोरात असताना तो दबतो, आणि तो श्वास घ्यायला थांबला की यंत्राशेजारी बसलेल्याचा खोकला त्याच्याइतकाच मोठा होतो. तो खोकला काढून टाकायची घाई करू नका. यंत्र कुठं ठेवलं होतं, भोवती किती माणसं होती, याचा तो एकमेव पुरावा आहे.

अशा कॅसेटी तुमच्या घरी, शेजारी, मंडळाच्या पेटीत असतील. आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेपला मागून दाबणारा नमद्याचा इवला तुकडा जागेवर आहे का बघा. सुटला असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बदला. डेकचं हेड स्पिरिटनं पुसून वाळू द्या. मग वाजवताना हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत मंजिरीचा आवाज सगळ्यात चकचकीत कुठं येतो ते कानानं शोधा, कारण प्रत्येक टू-इन-वनचं हेड वेगळ्या कोनात असायचं आणि ज्या कोनात भरलं त्याच कोनात वाचावं लागतं. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. पहिली प्रत कसलीही सफाई न करता जशीच्या तशी ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी. आणि कव्हरवर बॉलपेननं जे काही लिहिलेलं असेल, गाव, तिथी, कुणाच्या अंगणात, कोण गात होतं, ते फाईलच्या नावातच लिहून टाका.